एक्स्टर्नल हार्ड डिस्क डब्यातून काढून डेस्कटॉपात बसवता येते का? बाबांचे फोटो आहेत, जपून सांगा

मानेवाड्याचा_पोट्टा · शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांचा नागपुरात महाल भागात फोटो स्टुडिओ होता. तीन वर्षांपूर्वी बंद केला. लग्नं, मुंजी, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं काम एका ३ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात घेतलेली. पुस्तकासारखी उभी राहते, मागे वेगळा अडॅप्टर लागतो. गेल्या आठवड्यात एका रात्रीत तीनदा लाईट गेली-आली आणि तेव्हापासून ही रुसली. दिवा लागतो, आतून थोडं फिरल्याचा आवाज येतो, मग टिक, मग शांत, मग परत टिक. कॉम्प्युटरला दिसतच नाही.

बर्डीवर एका दुकानात दाखवली. तो म्हणे हेड (डिस्क वाचणारा आतला भाग) गेलं, बाहेरगावी रिकव्हरीला पाठवावी लागेल. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून बाबा समोरचा चहा तसाच ठेवून उठले. दुकानाचं नाव लिहीत नाही, विचारू पण नका.

मित्र म्हणतो डबा फोड, आत साधीच हार्ड डिस्क असते, काढ आणि कॅबिनेटात लाव. माझा डेस्कटॉप २०१४ चा आहे, चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह, विंडोज १०. खाली जागा रिकामी आहे. लावू का? घाई यासाठी की बाबांच्या एका जुन्या गिऱ्हाईकाला २०१० च्या लग्नाचे फोटो पाहिजेत. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला अल्बम द्यायचा आहे म्हणे. बाबांनी "या रविवारी देतो" असं सांगूनही टाकलं.

तर्री_एक्स्ट्रा · शुक्रवार, रात्री १०:५२

एवढ्या वर्षांचं काम आणि कॉपी एकच?

मानेवाड्याचा_पोट्टा · शुक्रवार, रात्री १०:५५

एकच न भाऊ. दुसरी असती तर इथे कायले आलो असतो?

बर्डीवाला_हार्डवेअर · शुक्रवार, रात्री ११:२०

बसवता येते, पण "आत साधीच डिस्क असते" हे अर्धंच खरं आहे भाऊ. रोज दोन-चार लोक डबा फोडून माझ्या काउंटरवर आणून ठेवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अडॅप्टरवाली उभी डिस्क म्हणजे आत ३.५ इंची, डेस्कटॉपात असते तीच. तिला फिरायला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून येतात ५, म्हणून तो अडॅप्टर. खिशात मावते, नुसत्या यूएसबीवर चालते, ती २.५ इंची, लॅपटॉपच्या मापाची. खरा वांदा तिथं होतो. डब्ल्यूडी आणि तोशिबाच्या कितीतरी पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या सर्किटवरच सोल्डर केलेलं असतं. साटाचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायचं, तोंडच नसतं. गिऱ्हाईक म्हणते लावून द्या. कुठं लावू, माझ्या कपाळाला? सीगेटच्या पोर्टेबलमध्ये बहुतेक वेळा साटा निघतं, त्यावर बोटभर लांबीचा एक बोर्ड खोचलेला असतो, तो ओढला की झालं.

तुझी ३.५ इंची आहे, म्हणजे साटा निघणार. कॅबिनेटात दोन केबल लागतील. डेटाची सात पिनांची, ती मदरबोर्डवर जाते. पॉवरची पंधरा पिनांची, ती एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटातल्या पॉवर सप्लायमधून येते. दोन्ही तोंडांना एक कोपरा वळलेला असतो, उलटी जात नाही. जोर लावावा लागला तर समज की उलटी घालून राहिला. डेटा केबल क्लिपवाली घे. बिनक्लिपची दोन महिन्यांत ढिली होते आणि मग लोक म्हणतात डिस्क खराब.

आणि स्क्रू. यात पोट्टे हमखास माती खातात. ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचा स्क्रू लागतो, तोच जो कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला असतो. डीव्हीडी रायटरला आणि २.५ इंचीला बारीक आट्यांचा. बारीकवाला जाड भोकात नुसता गरगर फिरतो. जाडवाला बारीक भोकात पिळला की भोकाचे आटे गेले. चार स्क्रू लाव, दोन या बाजूला, दोन त्या.

सई_फुटाळा · शुक्रवार, रात्री ११:४१

दादा, फोडायच्या आधी एक मिनिट थांबा. मी यात पोळलेली आहे.

माझी छोटी पोर्टेबल होती, कंपनी कोणती ते राहू दे. यूएसबीचं तोंड ढिलं झालं. आतली डिस्क काढून एका ओळखीच्यानं दुसऱ्या डब्यात घातली. डिस्क दिसली, पूर्ण साईझही दिसली, पण आत सगळा कचरा. एक फाईल नाही. मी पासवर्ड कधी टाकलाच नव्हता. माझ्या पीएचडीच्या तीन वर्षांच्या मुलाखती होत्या त्यात. शेवटी जुनाच बोर्ड, त्याचं तोंड नवीन सोल्डर करून, परत लावला तेव्हा सगळं जसंच्या तसं समोर आलं. नशीब की तो बोर्ड फेकला नव्हता. हे असं का होतं ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

पुणेरी_नागपूरकर · शुक्रवार, रात्री ११:५८

सई, सांगतो. काही डब्यांतला तो छोटा बोर्ड नुसता यूएसबीचा साटा करत नाही, जाता-येता प्रत्येक बाइट कुलूपबंदही करतो. डब्ल्यूडीच्या माय पासपोर्टमध्ये आणि माय बुकच्या काही मॉडेलांत ही सोय आहे. डिस्कवर जे लिहिलं जातं ते आधीपासूनच एन्क्रिप्ट केलेलं असतं, तुम्ही पासवर्ड टाका अगर न टाका. पासवर्ड टाकला तर फक्त किल्लीला आणखी एक कुलूप लागतं. म्हणजे डिस्क बोर्डापासून वेगळी केली की तुमच्या मुलाखती तिथेच असतात, पण वाचणारा दुभाषा गेलेला असतो.

त्यामुळे धागाकर्त्याला एकच विनंती. डबा फोड, पण बोर्ड जपून ठेव. प्लास्टिक फेकलंस तरी चालेल.

धंतोलीचे_काका · शनिवार, सकाळी ६:१५

सगळ्यांनी चर्चा उत्तम केली, पण मूळ रोगाकडे कुणी पाहिले नाही. वीज खात्यात ३१ वर्षे काढली, म्हणून आधी विजेचे विचारतो. डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. हेड गेलेली डिस्कही टिक करते, हे खरे. पण डिस्कला सुरू होताना सगळ्यात जास्त विद्युतप्रवाह लागतो आणि अडॅप्टर अशक्त झाला असेल तर नेमक्या त्या क्षणी तो मान टाकतो. व्होल्टेज पडते, डिस्क बंद होते, भार गेल्यावर व्होल्टेज पुन्हा वर येते, पुन्हा सुरू. तू वर्णन केलेस ते हेच असू शकेल. तीनदा वीज गेली-आली म्हणतोस, तिथेच संशय घट्ट होतो.

अडॅप्टर नुसता मीटरवर मोजू नकोस. भार नसताना मेलेला अडॅप्टरही १२ दाखवतो. डिस्क जोडून मोज. आणि दुकानदाराने तुझ्यादेखत दुसरा अडॅप्टर लावून पाहिला होता का?

मानेवाड्याचा_पोट्टा · शनिवार, सकाळी ९:३०

काका, नाही पाहिला. आणि तुमची पोस्ट वाचायच्या आधीच मी सकाळी डबा फोडला. माफ करा, राहवलंच नाही.

कसा फोडला ते सांगतो. स्क्रू एकही नाही, सगळ्या क्लिपा. जुनं एटीएम कार्ड फटीत घातलं आणि सरकवत नेलं. प्रत्येक क्लिपला असा आवाज की बाबा आतून ओरडले, "तोडू नको रे!" चार क्लिपा निघाल्या, दोन तुटल्या, कार्डाचा कोपरा गेला. आत ३.५ इंची डिस्क, चारही कोपऱ्यांत रबराचे बूट, आणि एका टोकाला बोर्ड. त्याच्यावर १२ व्होल्टचं भोक आणि यूएसबीचं तोंड. बोर्ड सरळ ओढला, निघाला. ढोकळ्याच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवला आहे.

मग काका म्हणाले ते मोजलं. शेजारच्या काकांकडचा मीटर आणला. नुसत्या अडॅप्टरला ११.९. बोर्ड आणि डिस्क परत जोडून बोर्डाच्या भोकापाशी मोजलं तर १२, ७, १२, ७, असा झोका खाऊन राहिला. टिक बरोबर ७ ला वाजते!

धंतोलीचे_काका · शनिवार, सकाळी ९:४४

झाले. अडॅप्टर गेला, डिस्क नाही. आतला कपॅसिटर फुगला असेल. उघडू नकोस मात्र. प्लगमधून काढल्यावरही आत काही काळ वीज साचून राहते.

तर्री_एक्स्ट्रा · शनिवार, सकाळी ९:५०

म्हणजे बाहेरगावच्या रिकव्हरीच्या जागी एक अडॅप्टर. काका, तुमच्या घरी तर्री-पोहे पोचवतो, पत्ता टाका.

मानेवाड्याचा_पोट्टा · शनिवार, दुपारी १२:१०

अडॅप्टर आणायला दुपारी उन्हात कोण जाते म्हणून म्हटलं, एसएमपीएसमध्ये १२ व्होल्ट आहेतच, कॅबिनेटातच लावून पाहतो. प्लग काढला, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून घेतला, डिस्क सरकवली, केबल दोन्ही लावल्या.

डिस्क मस्त फिरली! टिक नाही, काही नाही. बायोसमध्ये नावासकट आली. बाबांनी देवापुढं साखर ठेवली.

आणि विंडोज उघडल्यावर पहिला संदेश, "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा." डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलो तर हे असं दिसून राहिलं: ३४९ जीबीचं एक पार्टिशन, त्याच्यावर रॉ लिहिलेलं. मग १६९८ जीबी अनअलोकेटेड, म्हणजे कुठल्याच पार्टिशनात नसलेली जागा. मग ७४६ जीबी, तेही अनअलोकेटेड. बाबांचं तर ३ टीबीचं एकच अख्खं पार्टिशन होतं. ३४९ कुठून आलं? हात थरथरून राहिले. कुणी आहे का?

बर्डीवाला_हार्डवेअर · शनिवार, दुपारी १२:१२

कॅन्सल. कॅन्सल दाब. फॉरमॅट मारू नको. चेकडिस्कही चालवू नको. कुठलंच रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकू नको. बंद कर कॉम्प्युटर, मग बोलू.

मानेवाड्याचा_पोट्टा · शनिवार, दुपारी १२:१४

बंद केला. मोबाईलवरून लिहून राहिलो.

सई_फुटाळा · शनिवार, दुपारी १२:२०

माझ्यासारखंच एन्क्रिप्शन वाटतं हो.

पुणेरी_नागपूरकर · शनिवार, दुपारी १२:३८

नाही सई, हे वेगळं आहे. एन्क्रिप्शन असतं तर पार्टिशनचा तक्ताच (कुठलं पार्टिशन कुठून कुठवर, ते डिस्कवर लिहिलेलं असतं तो) वाचता आला नसता, अख्खी डिस्क अनोळखी दिसली असती. इथे तक्ता वाचला गेलाय, पण चुकीचा.

जरा गुणाकार करा. ३४९ गुणिले ८.

तर्री_एक्स्ट्रा · शनिवार, दुपारी १२:४१

२७९२. बरं मग?

पुणेरी_नागपूरकर · शनिवार, दुपारी १२:५९

३ टीबी म्हणजे कंपनीच्या हिशोबाने तीन लाख कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे ही डिस्क २७९४ जीबी दिसते. ३४९ च्या पुढचा अपूर्णांक धरला तर आठ पट बरोबर तेवढीच येते. योगायोग नाही हा.

गोष्ट अशी. डिस्क स्वतःला सेक्टरांत मोजते. बहुतेक साटा डिस्का बाहेर सांगताना एक सेक्टर ५१२ बाइटचा सांगतात. जुन्या एमबीआर पद्धतीच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ५१२ चे सेक्टर धरले तर २ टीबीच्या पुढे जाताच येत नाही. तुझ्या डिस्कच्या काळात पुष्कळ घरांत विंडोज एक्सपी होतं आणि त्याला जीपीटी हा नवा तक्ता चालत नसे. मग ३ टीबी विकायची कशी? डबा बनवणाऱ्यांनी जुगाड केला. बोर्ड कॉम्प्युटरला खोटंच सांगतो की सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. सेक्टर आठपट मोठा, म्हणून तेवढ्याच आकड्यांत आठपट जागा मावते. एक्सपी खूश, गिऱ्हाईक खूश.

तू बोर्ड काढलास. आता डिस्क खरं बोलतेय, ५१२. तक्त्यात आकडे मात्र ४०९६ च्या हिशोबाचे. विंडोजने तेच आकडे ५१२ ने मोजले आणि सगळं एक-अष्टमांश झालं. पार्टिशन जिथून सुरू होतं ती जागाही चुकली, म्हणून तिथे त्याला फाईल सिस्टीम सापडेना, म्हणून रॉ. बाबांच्या एकाही फोटोला धक्का लागलेला नाही. गावात मैलाचे दगड तेच आहेत, फक्त कुणी तरी मैलाऐवजी फर्लांगाने चालायला लागलंय. एका मैलाचे फर्लांगही आठच, बघा.

(पुढचे २ टीबीवर तुटलेले दोन तुकडे, १६९८ आणि ७४६, हेही एमबीआरच्या त्या मर्यादेमुळेच.)

तर्री_एक्स्ट्रा · शनिवार, दुपारी १:०३

पुण्याला गेल्यापासून पोट्टा फर्लांगात बोलायला लागला. पण मानलं बे.

पेंग्विन_प्रेमी · शनिवार, दुपारी १:१५

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राईव्हवरून हे बोर्डाशिवायही वाचता येतं. लूप डिव्हाईस करताना सेक्टर साईझ ४०९६ द्यायचा, रीड-ओन्ली ठेवायचं, मग पार्टिशन माऊंट होतं. मी केलेलं आहे. मात्र ज्यानं टर्मिनल कधी उघडलं नाही त्यानं बाबांच्या एकुलत्या एक डिस्कवर शिकू नये. एक अक्षर चुकलं की भलत्याच डिस्कवर जाल.

धंतोलीचे_काका · शनिवार, दुपारी १:३०

बोर्ड ढोकळ्याच्या डब्यात शाबूत आहे ना? मग एवढी यातायात कशाला. अडॅप्टर आणा, बोर्ड लावा, डेटा उतरवून घ्या. अडॅप्टर घेताना तीन गोष्टी जुळवा. व्होल्ट १२ च हवेत, कमीजास्त नाही. अँपियर जुन्या अडॅप्टरवर लिहिलेत तेवढे किंवा अधिक. अधिक असले तर काही बिघडत नाही, डिस्क लागेल तेवढेच घेते. तिसरे, पिनेच्या आत धन की ऋण, त्याची गोल खूण दोन्ही अडॅप्टरांवर असते, ती सारखी हवी. वायफायच्या राऊटरचा लावून पाहू नका, तो पुष्कळदा १ अँपियरचाच असतो. पुन्हा तीच टिक ऐकाल आणि पुन्हा घाबराल.

मानेवाड्याचा_पोट्टा · शनिवार, संध्याकाळी ७:४५

जुन्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपियर. बर्डीवर फूटपाथवरच्या एकाकडे सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट २ अँपियर मिळाला, खूण सारखी, पिन पण बसली. शेजारीच नवीन ४ टीबीची इंटर्नल डिस्कही घेतली, बाबा म्हणाले घेऊनच टाक.

बोर्ड लावला, डिस्क लाकडी पाटावर ठेवली, यूएसबी लावली. दोन सेकंद काहीच नाही. मग विंडोजचा तो टुडुंग.

सगळं आहे. २००८ पासून सगळे फोल्डर. बाबा स्क्रीनला हात लावून पाहून राहिले.

आता कॉपी लावली तर वेळ १७ तास दाखवून राहिला. डेटा १.९ टीबी आहे. एवढा?

बर्डीवाला_हार्डवेअर · शनिवार, संध्याकाळी ७:५८

पुढच्या पोर्टात लावली असशील. तुझ्या कॅबिनेटचं पुढचं यूएसबी २.० असेल, तिथं सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही. मागं निळ्या तोंडाचं पोर्ट आहे, तिथं लाव. आणि पाटावर ठेवली ते बरं केलं. लोखंडी टेबलावर ठेवली असती तर खालचं सर्किट टेकलं असतं. छोटा टेबल फॅन तिच्यावर सोड, आज रात्री तिला मेहनत आहे.

मानेवाड्याचा_पोट्टा · शनिवार, रात्री ८:१०

निळ्यात लावली. आठ तास दाखवून राहिला. जेवून घेतो.

तर्री_एक्स्ट्रा · शनिवार, रात्री ८:१६

कॉपी होईस्तोवर माझी एक शंका. डिस्क आत बसवली की स्पीड वाढतो न? मी तर त्याच्यासाठीच बसवणार होतो माझी.

पेंग्विन_प्रेमी · शनिवार, रात्री ८:२५

यूएसबी २.० वरून साटावर आणली तर वाढेल, डोळ्याला दिसेल इतका. यूएसबी ३.० वर असेल तर जवळपास काहीच नाही. साटा सेकंदाला साडेपाचशे एमबी वाहून नेईल, पण फिरणारी डिस्क शंभर ते दोनशेच देते. सहापदरी रस्त्यावर बैलगाडी. स्पीड पाहिजे तर एसएसडी घे, ही डिस्क गोदाम म्हणून ठेव.

वाडी_नाका · शनिवार, रात्री ८:५०

याच धाग्यात घुसतो, राग मानू नका. माझी ८ टीबीची उभी एक्स्टर्नल, डबा गेल्या महिन्यात फोडला, आत पांढऱ्या लेबलची डिस्क निघाली. बोर्डावर मस्त चालते. कॅबिनेटात लावली की फिरतच नाही. बायोसमध्ये पण नाही. साधा आवाजही नाही. मेली का?

बर्डीवाला_हार्डवेअर · शनिवार, रात्री ९:०५

मेली नाही भाऊ, झोपली. साटा पॉवरच्या पंधरा पिनांतली तिसरी पिन. पूर्वी तिच्यावर ३.३ व्होल्ट यायचे आणि कुणी वापरत नव्हतं. नंतर २०१६ मध्ये साटाचा ३.३ नावाचा नियम आला (आकडा तोच, पण व्होल्टेजशी संबंध नाही, घोळ घालू नका) आणि त्यात ती पिन डिस्क दुरून बंद करायला दिली, सर्व्हरवाल्यांच्या सोयीसाठी. तुझ्या डिस्कला वाटतं एसएमपीएस तिला सारखा "झोप, झोप" म्हणून राहिला.

उपाय सोपा. मोबाईल रिपेअरवाल्याकडे ती पिवळी पारदर्शक कॅप्टॉन टेप असते, उष्णता सहन करणारी. तिची बारीक पट्टी कापून डिस्ककडच्या तिसऱ्या पिनेवर चिकटव. पहिल्या तिन्ही झाकल्या तरी चालते, कापायला सोपं जाते. घरची चिकटपट्टी लावू नको, गरमीत डिंक वितळून पिनांत बसतो. दुसरा मार्ग मोलेक्सवरून (एसएमपीएसचं जुनं चार पिनांचं तोंड) साटाच्या केबलचा, मोलेक्सला ३.३ व्होल्ट येतच नाही. पण ती केबल घेताना पाहा. तोंड एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेलं असेल तर घेऊ नको. आतल्या तारा एकमेकींना टेकून जळतात, मी दोन जळालेल्या ठेवल्या आहेत गिऱ्हाईकाला दाखवायला. तारा वेगवेगळ्या खोचलेल्या दिसतात ती घे.

वाडी_नाका · शनिवार, रात्री १०:२०

टेप लावली. फिरली!!! महिनाभर मी हिला पेपरवेट म्हणून वापरून राहिलो होतो.

सई_फुटाळा · शनिवार, रात्री १०:३१

एक विचारू? आपल्याकडे मे महिन्यात डिस्क कॅबिनेटात बरी की बाहेर? माझ्या खोलीत एसी नाही, कूलरच आहे.

धंतोलीचे_काका · शनिवार, रात्री १०:४५

आत बरी, पंखा असेल तर. आतल्या डिस्कांना कंपन्या साधारण ६० अंशांपर्यंत मुभा देतात. बंद प्लास्टिकच्या डब्याला हवा कुठून मिळणार? त्या डब्यांच्या कागदावर भोवतालचे तापमान बहुधा ३५ पर्यंतच लिहिलेले असते आणि ३५ आपल्याकडे मार्चमध्येच होते. डिस्क समोरच्या पंख्याच्या वाऱ्यात येईल अशा खणात लावा, दोन डिस्कांमध्ये एक खण रिकामा सोडा.

कूलरच्या थेट झोतात मात्र कॅबिनेट ठेवू नका. ती ओली हवा आणि आपल्या पाण्यातला क्षार. माझ्या जुन्या मदरबोर्डावर पांढरी बुरशीसारखी साय धरली होती.

तर्री_एक्स्ट्रा · शनिवार, रात्री १०:५०

२०२४ च्या मे मध्ये इथल्या एका यंत्रानं ५६ अंश दाखवले होते, तेव्हा तर कॅबिनेटात पोहे शिजले असते.

पुणेरी_नागपूरकर · शनिवार, रात्री १०:५६

ते सेन्सर बिघडल्यामुळे, हवामान खात्याने नंतर सांगितलंय. खरा उच्चांक ४७.९, २३ मे २०१३. धागाकर्त्याची डिस्क त्याच उन्हाळ्यातली. ती काय सोसून बसलीय याचा अंदाज करा आणि तिला थोडा मान द्या.

मानेवाड्याचा_पोट्टा · रविवार, सकाळी ७:२०

रात्री साडेचारला कॉपी संपली. नव्या डिस्कवर फोल्डरची साईझ आणि फाईलींची संख्या जुनीशी जुळवली, बरोबर. वीस-पंचवीस फोटो इकडून तिकडून उघडून पाहिले.

आता जुन्या डिस्कचं काय करू? फेकवत नाही.

बर्डीवाला_हार्डवेअर · रविवार, सकाळी ८:४०

क्रिस्टल डिस्क इन्फो टाकून तिची तब्येत पाहा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांच्या तीन ओळींत शून्य असेल तर ठेवायला हरकत नाही. सी७ मध्ये आकडा वाढत असेल तर ती केबलची तक्रार असते, डिस्कची नाही.

मग कॅबिनेटात लाव, आणि आता खुशाल विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये क्लीन मारून (म्हणजे जुना तक्ता पुसून) जीपीटी कर. अख्खे २७९४ दिसतील. क्लीन मारायच्या आधी डिस्कचा नंबर दोनदा वाच. नवीन ४ टीबीवर मारलं तर आम्ही सगळे मिळून तुला अंबाझरी तलावात ढकलू. मग नवीवरून जुनीवर परत कॉपी. झाल्या दोन प्रती. पण दोन्ही एकाच एसएमपीएसवर आहेत हे ध्यानात ठेव. तिसरी प्रत बहिणीकडे, मामाकडे, कुठं तरी दुसऱ्या छताखाली ठेव.

मानेवाड्याचा_पोट्टा · रविवार, संध्याकाळी ६:०५

तिन्ही ओळींत शून्य! चालल्याचे तास मात्र २१ हजारांच्या वर. क्लीन, जीपीटी, २७९४, सगळं झालं. परत कॉपी लावून ठेवली. मामा दत्तवाडीला राहतात, तिसरी त्यांच्याकडे जाईल.

ते गिऱ्हाईक चारला आलं. पेनड्राईव्ह दिला. त्यानं तिथंच बसून माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. मंगलाष्टकांच्या फोटोत मागं उभा असलेला एक म्हातारा दाखवून म्हणाला, हे माझे आजोबा, यांचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडे. बाबांनी तो एक फोटो वेगळा काढून, थोडा उजळून दिला. पैसे घेतले नाहीत. नंतर आई त्यांना बोलली त्यावरून, तो वेगळा धागा होईल.

काका, तर्री-पोह्यांचं खरंच सांगा. आणि एक शेवटचं. झाकण लावलं, सगळं चालू आहे, पण टेबलावर एक स्क्रू उरला.

बर्डीवाला_हार्डवेअर · रविवार, संध्याकाळी ६:१२

जाड आट्यांचा की बारीक?

मानेवाड्याचा_पोट्टा · रविवार, संध्याकाळी ६:१४

जाड.

बर्डीवाला_हार्डवेअर · रविवार, संध्याकाळी ६:१५

डिस्कला तीनच लावले तू. कॉपी संपू दे, मग बंद करून उघड परत.